तोटा एका गावात साचतो

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं आणि पुढच्याच महिन्यात परदेशी कुशल कामगारांच्या नव्या एच-१बी व्हिसासाठी एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर केलं. तेव्हापासून आपल्याकडे या विषयावर जी हमरीतुमरी चालली आहे, तिच्यात दोन तट आहेत. पहिल्याचं म्हणणं असं की अमेरिकन कामगार आळशी, त्याला ना गणित येतं ना घाम गाळता येतो. आपली पोरं नसती तर तिकडच्या कंपन्यांना कुलपं लागली असती. दुसरा तट म्हणतो, ट्रम्प बोलतो तेच खरं. खुला व्यापार हे अर्थतज्ज्ञांनी दाखवलेलं गाजर होतं, चीनमुळे वीस लाखांवर नोकऱ्या गेल्या हे अमेरिकेतल्याच प्राध्यापकांनी आकड्यांनिशी मांडलंय, तेव्हा शहाणपण असेल तर आपणही दारं लावून घ्यावीत. गंमत अशी की पुष्कळदा हे दोन्ही तट एकाच माणसात नांदतात. न्यू जर्सीतल्या मुलाचा विषय निघाला की तो पहिल्या तटात असतो, आणि दादरला टॅक्सीत बसला की दुसऱ्या.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. व्यापार आणि स्थलांतर या दोन्हींत देशाचा एकूण फायदा होतो, हे खरं आहे. त्याच वेळी काही ठरावीक गावांचं आणि ठरावीक माणसांचं कंबरडं मोडतं, हेही तितकंच खरं आहे. फायदा देशभर पातळ पसरतो, तोटा एका जागी साचतो, आणि दारं लावल्यानं तो साचलेला तोटा उपसला जात नाही. ज्या संशोधनाचा दाखला दुसरा तट देतो आणि पहिला तट ज्याच्याकडे बघतही नाही, त्या संशोधनातून निघतं ते हे. आपल्या वादात नेमकं एवढंच गळून पडतं, कारण आपण 'देश' नावाच्या एका काल्पनिक माणसाचा जमाखर्च मांडत बसतो. अमेरिकेला फायदा झाला की तोटा? या प्रश्नाला धड उत्तर नाही. अमेरिकेतल्या कुठल्या गावाला, तिथल्या किती शिकलेल्या, कुठल्या वयाच्या माणसाला, असं विचारलं तर उत्तर मिळतं.

असं विचारणाऱ्यांत गॉर्डन हॅन्सन यांचं नाव महत्त्वाचं. सध्या हार्वर्डच्या केनेडी स्कूलमध्ये असलेल्या या अर्थतज्ज्ञानं आधी बरीच वर्षं सॅन दिएगोत काढली, म्हणजे मेक्सिकोच्या सीमेला अगदी खेटून. अर्थशास्त्रात मालाच्या व्यापाराचा अभ्यास करणारे आणि माणसांच्या स्थलांतराचा अभ्यास करणारे बहुतेक वेळा वेगवेगळे असतात. हॅन्सन यांनी दोन्ही केलं, आणि एकाच सीमेवर उभं राहून केलं. नव्वदच्या दशकात रॉबर्ट फीन्स्ट्रा यांच्याबरोबर त्यांनी मेक्सिकोतल्या 'माकिलादोरा' कारखान्यांकडे पाहिलं. अमेरिकेतून सुटे भाग यायचे, तिथे जुळणी व्हायची, तयार माल परत जायचा. पाठ्यपुस्तक सांगायचं की गरीब देशाचा व्यापार खुला झाला की तिथल्या अकुशल मजुराची मजुरी वाढेल आणि विषमता घटेल. प्रत्यक्षात सीमेच्या दोन्ही बाजूंना विषमता वाढली. असं का? कारण अमेरिकन कंपनीनं बाहेर पाठवलेलं काम तिच्या हिशेबात कमी कौशल्याचं होतं, पण मेक्सिकोच्या हिशेबात तेच वरच्या कौशल्याचं ठरत होतं. मागणी दोन्हीकडे शिकलेल्यांची वाढली. हा निष्कर्ष ना खुल्या व्यापाराच्या भक्तांना सोयीचा, ना विरोधकांना. मला तो म्हणूनच विश्वासार्ह वाटतो.

मेक्सिकोची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण व्यापार आणि स्थलांतर यांचं नातं तिथे जसं उघडं पडलं तसं क्वचितच कुठे पडलं असेल. १ जानेवारी १९९४ रोजी अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातला नाफ्टा करार लागू झाला. तो खपवताना अमेरिकन जनतेला दिलेलं एक मोठं आश्वासन असं होतं की मेक्सिकोचा माल येऊ दिला तर मेक्सिकोची माणसं येणार नाहीत. त्यामागे सिद्धान्तही होता. रॉबर्ट मंडेल यांनी १९५७ मध्ये दाखवलं होतं की माल आणि उत्पादनाचे घटक, म्हणजे मजूर आणि भांडवल, हे एकमेकांची जागा घेऊ शकतात. मजुरी घालून बनवलेला टोमॅटो सीमा ओलांडत असेल तर मजुरानं कशाला ओलांडावी? कागदावर बिनतोड. झालं उलटं. १९९० मध्ये अमेरिकेत मेक्सिकोत जन्मलेले सुमारे ४३ लाख लोक होते, २००७ पर्यंत हा आकडा सव्वा कोटीच्या घरात गेला.

याचा अर्थ करार फसला असा दोन्हीकडच्या आरडाओरड करणाऱ्यांनी काढला. हॅन्सन आणि क्रेग मॅकिन्टॉश यांनी मात्र जन्मनोंदींकडे बोट दाखवलं. १९७० च्या सुमारास मेक्सिकोत बाईमागे सरासरी जवळजवळ सात मुलं होती. ती पिढी कामाच्या वयाला आली ऐंशी-नव्वदच्या दशकांत, आणि नेमक्या त्याच काळात देशाची अर्थव्यवस्था एकामागून एक कोसळत होती. १९८२ चं कर्जसंकट, मग डिसेंबर १९९४ ला पेसो गडगडला. शेजारी मात्र तेव्हा जन्मदर घटलेला आणि मजुरांची गरज असलेला श्रीमंत देश. कुंपण असो वा नसो, पोरं निघाली. पुढे मेक्सिकोतला जन्मदर झपाट्यानं उतरला, कामाच्या वयाला येणारी पिढी लहान झाली, २००८ च्या मंदीनं अमेरिकेतलं बांधकाम थंडावलं, आणि मेक्सिकोतून होणारं निव्वळ स्थलांतर शून्याच्या आसपास आलं. भिंतीची घोषणा देऊन ट्रम्प निवडून आले २०१६ मध्ये. ज्या लाटेविरुद्ध ती भिंत होती, ती लाट तोवर ओसरून आठ-नऊ वर्षं झाली होती. सार्वजनिक वाद वास्तवाच्या किती मागे चालतात, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता चीन. डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. त्याआधीच अमेरिकेनं त्याला कायमस्वरूपी सामान्य व्यापारी दर्जा, म्हणजे त्याच्या मालावर इतर देशांइतकंच कमी शुल्क, देऊन टाकला होता. बहुतेक अर्थतज्ज्ञांचं मत असं की काही उद्योग बसतील, पण कामगार दुसरीकडे जातील, दुसरं काम शिकतील आणि दहा वर्षांत सगळं सुरळीत होईल. अमेरिकन माणूस बूड हलवायला घाबरत नाही, अशी त्याची ख्यातीच होती. डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि हॅन्सन या तिघांनी अमेरिकेचे ७२२ तुकडे केले. हे तुकडे राज्यांचे नव्हते. लोक जिथून जिथे रोज कामाला ये-जा करतात, असे ते टापू. मग पाहिलं की कुठल्या टापूत चिनी मालाशी थेट टक्कर देणारे कारखाने किती होते आणि पुढे तिथे काय झालं. २०१३ मध्ये छापून आलेलं उत्तर धक्कादायक होतं. १९९० ते २००७ या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांमधला रोजगार जितका घटला, त्यातला सुमारे पाव हिस्सा चिनी आयातीच्या खाती जात होता. नंतरच्या अंदाजानुसार १९९९ ते २०११ दरम्यान गेलेल्या नोकऱ्या २० ते २४ लाख. आपला दुसरा तट नाचवतो तो आकडा हाच.

पण आकड्यापेक्षा महत्त्वाची होती ती दुसरी गोष्ट. माणसं हललीच नाहीत. व्हर्जिनियातलं मार्टिन्सव्हिल हे फर्निचर आणि कापडाचं गाव, नॉर्थ कॅरोलायनातलं हिकरी हा फर्निचरचा पट्टा. तिथला कारखाना बंद पडला की पन्नाशीचा कामगार टेक्सासला जाऊन नवं आयुष्य सुरू करत नाही. त्याचं घर तिथे, आणि कारखाना गेल्यावर त्या घराला गिऱ्हाईक कुठून येणार? त्याची म्हातारी आई तिथे, बायकोची शाळेतली नोकरी तिथे. तो राहिला. सरकारी मदतीत सगळ्यात जास्त वाढ झाली ती अपंगत्व भत्ता, लवकर निवृत्ती आणि औषधोपचार यांवर. व्यापारामुळे नोकरी गेलेल्यांसाठी म्हणून जी खास योजना होती, तिच्यातून गेलेले पैसे त्यापुढे किरकोळ होते. पुढच्या अभ्यासांत दिसलं की अशा टापूंत तरुण पुरुषांची लग्नं कमी झाली, एकट्या आईच्या घरात वाढणारी मुलं वाढली आणि राजकारण दोन्ही टोकांना सरकलं. चीनची मुसंडी २०१० च्या सुमारास स्थिरावली, पण तिचे वळ २०१९ पर्यंत दिसत होते.

हे फक्त अमेरिकेत होतं असं समजायचं कारण नाही. हॅन्सन आणि मंडळींच्या आधीच पेतिया टोपालोव्हा यांनी हाच प्रश्न भारताला विचारला होता. १९९१ नंतर आपण आयातशुल्कं झपाट्यानं खाली आणली. देशात गरिबी घटली. मात्र ज्या ग्रामीण जिल्ह्यांतल्या उद्योगांचं संरक्षण जास्त काढलं गेलं, तिथे ती इतरांपेक्षा हळू घटली, आणि तिथलेही लोक फारसे हलले नाहीत. आणि आपल्याला तर जिल्ह्यांची सरासरी काढण्याचीही गरज नव्हती, गिरणगाव डोळ्यांसमोर होतं. जानेवारी १९८२ मध्ये संपावर गेलेल्या अडीच लाख गिरणी कामगारांचा देश नंतर कितीतरी श्रीमंत झाला. परळ-लोअर परळच्या जमिनीचे भाव कुठल्या कुठे गेले. साच्यावर उभा राहणारा लालबागचा कामगार त्या श्रीमंतीत कुठे बसला? त्याच्या गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या मॉलच्या दारात, वॉचमनच्या खुर्चीवर, तीही नशिबानं मिळाली तर. तिथे कारण परदेशी आयातीचं नव्हतं, हे मान्य. पण मोडलेल्या उद्योगाची माणसं आपोआप दुसऱ्या उद्योगात जिरतात, ही समजूत आपण मुंबईत खोटी ठरताना पाहिली, आणि तरी मार्टिन्सव्हिलच्या माणसाला आळशी म्हणायला आपण मोकळे!

माणसं कधीच हलत नाहीत असंही नाही. एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरच्या कापडानं उत्तरेतल्या विणकरांचं पोट मारलं. त्यातच १८५७ ची धामधूम आणि दुष्काळ. आज ज्यांना आपण मालेगावचे आणि भिवंडीचे म्हणतो त्या मोमिन विणकरांचे पूर्वज आजच्या उत्तर प्रदेशातून असे पांगत आले. सोलापूरचे पद्मशाली तेलंगणातून आले. माल आला म्हणून माणसं निघाली, हे नाफ्टाच्या कितीतरी आधीचं, आणि आपल्याच अंगणातलं. सोलापूरच्या चादरीला आज भौगोलिक मानांकन आहे आणि तिचा अभिमान आपल्याला मराठी म्हणून वाटतो. वाटायलाच हवा. पण ती विणायला आलेला माणूस त्या वेळचा परप्रांतीयच होता, आणि तो सुखासुखी आलेला नव्हता.

आता दुसऱ्या तटाच्या सगळ्यात बळकट मुद्द्यांकडे येतो, कारण त्यांना 'अडाणी' म्हणून उडवून लावण्याची जी पद्धत इंग्रजी वर्तमानपत्रांतून आपल्याकडे आली आहे ती मला पटत नाही. अर्थतज्ज्ञ गाफील होते. 'जिंकणाऱ्यांच्या फायद्यातून हरणाऱ्यांची भरपाई करता येईल' हे वाक्य अनेक दशकं शिकवलं गेलं, आणि 'करता येईल' म्हणजे 'केली' असं समजून सगळे झोपी गेले. अमेरिकेत तर भरपाईची ती किरकोळ योजनासुद्धा २०२२ च्या मध्यावर मुदत संपून बंद पडली, आणि कुणी फारसा गळा काढला नाही. स्वस्त टी-शर्ट हा नोकरीचा मोबदला होऊ शकत नाही, हेही मान्य. नोकरीबरोबर गावातली पत जाते, संध्याकाळी चार लोकांत बसायचा हक्क जातो. आपल्या सीमेतून कोण यावं हे ठरवायचा लोकशाही देशाला अधिकार आहे, हेही मी नाकारत नाही. स्थलांतराचा फायदा मोजणारे पुष्कळदा असं बोलतात, जणू हा अधिकार म्हणजे मागासलेपणा.

पण एवढं सगळं कबूल केल्यावर प्रश्न उरतोच. दार लावल्यावर काय झालं? याचं उत्तर अंदाजानं द्यायची गरज नाही, कारण ते लावून पाहिलेलं आहे. २०१८-१९ मध्ये ट्रम्प यांनी पहिल्यांदा शुल्कं लावली. ज्या तिघांच्या संशोधनाचा दाखला देऊन ती लावली असं त्यांचे समर्थक सांगतात, त्याच ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन यांनी, ॲन बेक यांच्यासह, नंतर त्यांचा हिशेब काढला. संरक्षण मिळालेल्या उद्योगांच्या टापूंत रोजगार वाढल्याचं दिसलं नाही. चीननं उलट लावलेल्या शुल्कांनी मात्र रोजगार घटला, मुख्यतः शेतीत, आणि सरकारनं शेतकऱ्यांना दिलेल्या अनुदानानं तो खड्डा अर्धामुर्धाच भरला. २०१८ च्या वॉशिंग मशीनच्या शुल्काचं उदाहरण तर शिकवण्याजोगं. मशीन महागलं, आणि शुल्क नसलेला ड्रायरही महागला, कारण दुकानात दोन्ही जोडीनंच विकले जातात. त्यातून सुमारे १८०० नोकऱ्या निर्माण झाल्या आणि दर नोकरीमागे ग्राहकांच्या खिशातून वर्षाला जवळपास आठ लाख डॉलर गेले. एवढ्या पैशात त्या कामगाराला घरी बसवून पगार दिला असता तरी मार्टिन्सव्हिलची अर्धी गल्ली पोसली गेली असती.

असं का होतं? कारण गेलेला कारखाना परत येतो तेव्हा तो जुना कारखाना नसतो. पूर्वी दोनशे लोक जे करत ते आता वीस माणसं आणि यंत्रमानव करतात, आणि ती वीस माणसंही वेगळी असतात. २०२५ मध्ये या संशोधकांनी पुढचा अभ्यास मांडला, त्यात यावर लख्ख प्रकाश पडतो. चीनच्या माऱ्यानं खचलेल्या टापूंत २०१० नंतर रोजगार हळूहळू परत आला, पण दवाखाने, दुकानं, सेवा असा कमी पगाराचा. आणि तो कुणाला मिळाला? परदेशातून आलेल्यांना, लॅटिन अमेरिकी वंशाच्या तरुणांना, पदवीधरांना, बायकांना. ज्यांच्या नोकऱ्या गेल्या होत्या ते कारखान्याचे कामगार तिथेच होते, पण त्या नव्या नोकऱ्यांत ते फारसे नव्हते. गाव सावरलं, गावकरी सावरला नाही. आता त्या जुन्या कामगाराच्या जागी उभं राहून बघा: कारखाना चीननं नेला आणि गावातल्या नव्या नोकरीवर परका माणूस बसलेला. या दोन गोष्टींचं एकमेकांशी नातं त्यानं लावलं तर त्याला मूर्ख कसं म्हणायचं? पण कारण आणि दोषी यांत फरक आहे. परक्यानं त्याची नोकरी घेतली नव्हती. ती आधीच गेली होती.

स्थलांतरावरचा वादही असाच आंधळेपणानं चालतो. १९८० मध्ये क्यूबाच्या मारिएल बंदरातून सव्वा लाख लोक काही महिन्यांत अमेरिकेत आले, त्यातले निम्मे मायामीत थांबले आणि शहरातले कामकरी एकदम सात टक्क्यांनी वाढले. डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये दाखवलं की तिथल्या जुन्या कामगारांच्या मजुरीवर याचा दखल घेण्याजोगा परिणाम झाला नाही. पुढे जॉर्ज बोर्हास यांनी शाळा अर्धवट सोडलेल्या पुरुषांचा एक छोटा गट वेगळा काढला आणि मजुरी बरीच घसरल्याचं सांगितलं. मग इतरांनी त्या गटाची रचनाच मध्ये बदलली होती असं दाखवलं. या भांडणात मी तज्ज्ञ म्हणून पडणार नाही. मला जास्त बोलकी वाटते ती उलटी परीक्षा. १९६४ अखेर अमेरिकेनं मेक्सिकन शेतमजुरांना हंगामी परवाने देणारी ब्रासेरो योजना बंद केली. जवळपास पाच लाख मजूर बाहेर राहिले. हेतू स्पष्ट होता की आता अमेरिकन शेतमजुराची मजुरी वाढेल. मायकेल क्लेमेन्स आणि सहकाऱ्यांनी जुनी दप्तरं काढून पाहिलं, तर तशी वाढ सापडली नाही. कॅलिफोर्नियातल्या टोमॅटो पिकवणाऱ्यांनी तोडणीचं यंत्र आणलं. जिथे यंत्र नव्हतं तिथे ती पिकंच कमी केली. दार लागलं, आणि आतला मजूर होता तिथेच राहिला.

तरीही स्थलांतरानं कुणाचं काहीच बिघडत नाही, हा पहिल्या तटाचा दावाही टिकत नाही, आणि तो मोडणाऱ्यांत पुन्हा हॅन्सन आहेत. आरिएल बर्स्टीन, लिन तियान आणि जोनाथन व्होगेल यांच्याबरोबर २०२० मध्ये त्यांनी एक साधा पण दूरवर जाणारा फरक दाखवला. ज्या कामाचं उत्पादन बाहेर विकता येतं, उदाहरणार्थ कापड, तिथे परके कामगार आले तर कारखाना वाढतो, जास्तीचा माल दूरच्या बाजारात जातो, आणि स्थानिक कामगाराला धक्का बसत नाही. ज्याचं उत्पादन त्या शहरातच खपतं, उदाहरणार्थ घरबांधणी किंवा घरकाम, तिथे गिऱ्हाइकं तेवढीच राहतात आणि हात वाढतात. तिथे स्थानिक खरंच बाजूला सारला जातो. व्यापार आणि स्थलांतर हे दोन विषय वेगळे ठेवून हे कधीच दिसलं नसतं.

हा फरक मुंबई-पुण्याला लावून बघा. चाकणच्या वाहन कारखान्यात बिहारचा जोडारी आला म्हणून खेडच्या पोराचं नुकसान होईलच असं नाही, कारण तिथली गाडी देशभर आणि परदेशात जाते. पण टॅक्सी, भाजीची गाडी, बांधकाम, वॉचमनची नोकरी ही सगळी शहरातल्या शहरात खपणारी कामं. तिथे स्पर्धा जाणवते ती खोटी नसते. भूमिपुत्राचा राग नेमका याच धंद्यांभोवती का फिरतो, याचं उत्तर त्यात आहे. तेव्हा त्याला 'संकुचित' म्हणून मोकळं होणाऱ्या सुशिक्षित मराठी माणसाला मी विचारेन, तुझी नोकरी कुठल्या प्रकारातली आहे? हिंजवडीत बसून अमेरिकेला संगणकप्रणाली विकणाऱ्याला उदार व्हायला काय जातं!

पण उपाय म्हणून आपण काय केलं? फेब्रुवारी २००८ मध्ये मारहाणीच्या धास्तीनं उत्तर भारतीय कामगार नाशिकहून हजारोंनी गावी निघाले. कारखान्यांची आणि बांधकामांची कामं रखडली. त्या रिकाम्या जागांवर मराठी पोरं बसली का? उद्योग तक्रारी करत राहिले आणि मजूर काही महिन्यांत परतले. स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या हे धोरण महाराष्ट्रात अनेक दशकं कागदावर आहे. ज्या माणसासाठी ते आहे त्याचं कौशल्य, त्याचं गावातलं घर, त्याच्या धंद्याचं भांडवल याबद्दल त्यात काही नाही. आणि मुंबईचा इतिहास तरी काय सांगतो? रत्नागिरी-सिंधुदुर्गातली माणसं शंभर वर्षं मनीऑर्डरवर जगली. कोकणचा चाकरमानी मुंबईला आला तो त्या काळचा स्थलांतरितच. तो एकाच राज्यातला होता हे खरं, पण १९६० च्या आधी ते राज्य तरी कुठे होतं?

एच-१बीच्या बाबतीत आपला युक्तिवाद त्याहून ढिसाळ आहे. 'आमच्या हुशारीवर अमेरिका चालते' हे ऐकायला बरं वाटतं. संशोधन सांगतं ते जास्त गुंतागुंतीचं. परदेशी अभियंते आले त्या शहरांत पदवीधर अमेरिकनांचेही पगार वाढले, असं जिओव्हानी पेरी आणि सहकाऱ्यांना आढळलं. दुसरीकडे गौरव खन्ना आणि निकोलस मोरालेस यांच्यासारख्यांच्या कामातून दिसतं की अमेरिकन संगणक अभियंत्यांचे पगार परक्यांमुळे काहीसे दबले. म्हणजे तिथल्या प्रोग्रामरची तक्रार साफ खोटी नाही. पण त्याच दोघांनी दाखवलेली दुसरी गोष्ट आपल्याकडच्या 'बुद्धी पळाली' म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. अमेरिकेला जाता येईल या आशेनं भारतात लाखो मुलं संगणकशास्त्र शिकली. व्हिसा मोजकेच होते. नव्वदच्या दशकात वर्षाला ६५ हजार, मग वाढत १ लाख ९५ हजार, आणि २००३ च्या शेवटी पुन्हा ६५ हजार. बाकीची मुलं इथेच राहिली, काही गेलेली परत आली, आणि त्यांच्या हातांवर आपली निर्यात उभी राहिली. पुण्या-बंगळुरूचा हा उद्योग अमेरिकेच्या उघड्या दाराइतकाच त्या दाराच्या अरुंदपणानंही घडवला. एक लाख डॉलरच्या शुल्कानं ती आशाच मेली तर ती मुलं काय शिकतील, हा प्रश्न इकडे कुणी विचारताना मला दिसला नाही. सगळे विचारत होते की आता परत येणाऱ्यांसाठी नोकऱ्या आहेत का.

राहतो एक मुद्दा, आणि तो मला अस्वस्थ करतो. २०१८-१९ च्या शुल्कांचा तो जो हिशेब हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी काढला, त्यात एक दुसरी बाजूही होती. शुल्कांनी नोकऱ्या आणल्या नाहीत, पण संरक्षण मिळालेल्या टापूंत ट्रम्प आणि त्यांच्या पक्षाचा पाठिंबा वाढला. पोटाला काही मिळालं नाही तरी मत मिळालं. याचं स्पष्टीकरण 'लोक फसले' असं देणं सोपं आहे. मला ते पुरेसं वाटत नाही. पंधरा वर्षं त्या गावांना सांगितलं गेलं की तुमचं नुकसान आकडेवारीत दिसत नाही, देशाचं उत्पन्न तर वाढतंय. मग एक माणूस येऊन म्हणाला की नुकसान झालंय आणि मी कुणाशी तरी भांडतोय. भांडण चुकीचं होतं, पण नुकसान मान्य करणारा राजकारणात तो जवळजवळ एकटा होता. खुल्या व्यापाराची बाजू घेणाऱ्यांनी हे आधी केलं असतं, भरपाई खरोखर दिली असती, तर त्या जागेवर त्याला उभं राहायला मिळालं असतं का?

अमेरिकेला निदान ते नुकसान नंतर तरी मोजता आलं. ७२२ टापूंचा हिशेब मांडता आला, कारण दर दहा वर्षांची जनगणना आणि मधली सर्वेक्षणं हाताशी होती. कोण कुठे जन्मला, कुठे काम करतो, कधी आला हे माहीत होतं. आपली शेवटची जनगणना २०११ ची. २०२१ ची झालीच नाही, पुढची २०२७ ची. दरम्यान नोटबंदी झाली, वस्तू व सेवा कर आला, टाळेबंदीत लाखो माणसं महामार्गावरून चालत गावी गेली आणि परत आली, आणि आता अंधेरीच्या सीप्झ या निर्यातक्षेत्रातल्या दागिने कारागिरांवर अमेरिकन शुल्काचा घाव बसला. या सगळ्यात कुठल्या तालुक्यातून कोण कुठे गेलं, याचा पंधरा वर्षांचा कोरा कागद आपल्यासमोर आहे. तेव्हा मुंबईत परप्रांतीय इतके टक्के झाले असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, किंवा परप्रांतीयांमुळे काहीच फरक पडलेला नाही असं तितक्याच छातीठोकपणे सांगितलं, तर दोघांनाही एवढंच विचारावं की हा आकडा कुठल्या साली मोजला.